झांस्करच्या घळीतून राफ्टिंग: खान्देशातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी तयारी कशी करायची

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडची पोरं आजकाल लडाखला बुलेट घेऊन जातात, निम्मूच्या संगमावर थांबून फोटो काढतात, दोन रंगांचं पाणी एकमेकात मिसळताना दिसतं, एक सिंधू आणि दुसरी झांस्कर. पण त्या झांस्करवरून बोटीत बसून पाच-सहा दिवस घळीतून खाली येता येतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते एक तर फार घाबरतात किंवा अजिबातच घाबरत नाहीत, दोन्ही चूक. म्हणून हे सविस्तर लिहितोय. ज्यांनी आयुष्यात राफ्टमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या रबरी बोटीत, पाय ठेवला नाही त्यांच्यासाठीच आहे.

आधी जागा समजून घ्या. लडाख हे थंड वाळवंट आहे, लेहला वर्षभरात साधारण 100 मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे एखाद्या दिवशी आभाळ फाटलं तर एवढा एका दिवसात पडून जातो. मग नदीला पाणी कुठून? वरच्या बर्फाचं आणि हिमनद्यांचं. पदुम गावाजवळ स्तोद आणि त्सारप अशा दोन नद्या एकत्र येतात आणि तिथून पुढे तिला झांस्कर म्हणतात, मग ती डोंगर कापत निम्मूला सिंधूला मिळते. पदुम साधारण 3,600 मीटरवर, निम्मू साधारण 3,100 वर. मध्ये दोन्ही बाजूंना उभे कडे, लाल, जांभळे, राखाडी, झाड जवळजवळ नाहीच. हिवाळ्यात हीच नदी गोठते आणि तिच्यावरून चादर ट्रेक होतो.

आता निम्मू-पदुम-दारचा असा 298 किलोमीटरचा रस्ता सीमा सडक संघटनेने 2024 मध्ये जोडला, त्यामुळे घळीतला पूर्वीचा एकांत कमी झाला हे खरं, पण त्यावरून "काय झालं तर रस्ता आहेच की" असं डोक्यात घेऊन जाऊ नका. बरेच ठिकाणी रस्ता वर आणि नदी खाली आहे, मध्ये सुटा मुरूम आणि कडा, पाय मोडलेल्या माणसाला तिथून वर काढणं म्हणजे सगळ्या ग्रुपचा दिवसभराचा जीव काढणारं काम, आणि दरड कोसळली की रस्ताही बंद. एकदा बोट पाण्यात सोडली की मधेच "मला नाही जमत, मी घरी जातो" असं होत नाही. म्हणून सगळं प्लॅनिंग ग्रुपमधल्या सगळ्यात कच्च्या माणसाला धरून करायचं आणि हाताशी रिकामे दिवस ठेवायचे. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

कधी जायचं

राफ्टिंगचा सीझन साधारण जुलै ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पाणी भरपूर, गढूळ, जोरात. ऑगस्टच्या शेवटी पाणी उतरतं, थोडं स्वच्छ होतं, लाटा लहान होतात पण रात्री थंडी वाढते. पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑगस्टचा शेवटचा आठवडा धरावा असं माझं स्पष्ट मत आहे, भले ऑपरेटर म्हणू दे की जुलैमध्ये जास्त मजा येते. फक्त पोळा आणि गणपती कधी येतात ते कॅलेंडरमध्ये आधीच पाहून घ्या, नाहीतर ऐन वेळी अर्धा ग्रुप गळतो.

पाण्याचं गणित आपल्या तापी-गिरणापेक्षा वेगळं आहे. इथे पाऊस पडला, धरणाचे दरवाजे उघडले की पूर येतो. तिथे ऊन पडलं की पाणी वाढतं. दिवसभर बर्फ वितळतो, ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो, म्हणून संध्याकाळी आणि रात्री पातळी चढते आणि पहाटे उतरलेली असते. संध्याकाळी पाण्याच्या काठावर तंबू लावला तर रात्री पाणी दारात येऊ शकतं. तंबू आणि बोटी दोन्ही वर घ्यायच्या, बोटी बांधून ठेवायच्या. आणि कोरड्या नाल्याच्या तोंडाशी मुक्काम कधीच नाही, जागा कितीही सपाट आणि छान दिसली तरी नाही. 5 ऑगस्ट 2010 च्या रात्री लेहला ढगफुटी झाली तेव्हा अशाच कोरड्या दिसणाऱ्या नाल्यांमधून चिखल-दगडाचा लोंढा आला आणि शेकडो माणसं गेली. वाळवंटात पाऊस कमी म्हणून पुराची भीती कमी, हा हिशोब साफ खोटा आहे, उलट तिथली उघडी जमीन पाणी पिऊन घेत नाही, पडलं तेवढं सगळं एकदम खाली येतं.

अजून एक, निघायच्या आधी वरच्या खोऱ्याच्या बातम्या बघत राहा. 31 डिसेंबर 2014 ला त्सारपच्या खोऱ्यात फुगताल भागात दरड पडून नदी अडली, मागे मोठं तळं साचलं आणि 7 मे 2015 ला ते फुटलं, खालचे पूल वाहून गेले. असं रोज होत नाही पण नदीचं वरचं टोक आपल्याला बोटीतून दिसत नसतं.

अवघडपणाचे आकडे

रॅपिडना, म्हणजे नदीतल्या जोरात उसळत्या पाण्याच्या टप्प्यांना, 1 ते 6 असा क्लास देतात. 1 म्हणजे वाहतं पाणी, 2 म्हणजे छोट्या लाटा, 3 मध्ये बोट भिजते, उड्या मारते आणि वळवता यावी लागते, 4 मध्ये पाण्याला खरा जोर असतो आणि गाइडच्या आवाजावर सगळ्यांनी एकदम पॅडल मारलं नाही तर बोट उलटू शकते. 5 नवख्याचं काम नाही आणि 6 कुणाचंच नाही म्हटलं तरी चालेल. झांस्करवर बहुतेक 2-3 आणि काही ठिकाणी 4. नेरक गावाच्या पुढे घळ आवळत जाते, मोठं पाणी तिकडे.

पण हा आकडा नुसता वाचू नका. पाणी बर्फाचं असेल आणि जागा दुर्गम असेल तर प्रत्येक रॅपिड एक क्लास वरचा समजायचा हा राफ्टिंगवाल्यांचा जुना नियम आहे. म्हणजे कोलाडच्या क्लास 3 मध्ये पडलेला माणूस हसत बोटीत चढतो, झांस्करच्या क्लास 3 मध्ये पडला तर काही मिनिटांतच बोटं वाकत नाहीत, दोरी दिसत असून पकडता येत नाही.

सहा महिने आधीपासूनची तयारी

पोहणं पाहिजेच का? ऑपरेटर बरेचदा म्हणतात लाइफ जॅकेट असतं, गरज नाही. एका दिवसाच्या राफ्टिंगला ठीक आहे. पाच दिवसांच्या घळीला मी तरी म्हणेन शिकूनच जा, पाण्याखाली तोंड गेलं की घाबरायचं नाही एवढं तरी यायला पाहिजे. आपल्याकडे विहिरीत सूर मारून शिकलेली पोरं खूप आहेत, त्यांना वाटतं आपण तयारच आहोत. विहिरीचं पाणी जागेवर असतं भाऊ, नदीचं पाणी तुम्हाला घेऊन जातं, तिथे हातपाय मारायची पद्धतच वेगळी. पाठीवर पडायचं, पाय पुढे वाहत्या दिशेला, पंजे पाण्याच्या वर दिसले पाहिजेत, म्हणजे दगड आला तर पायाने ढकलता येतो. आणि कंबरेएवढ्या वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, हे तर घोकून ठेवा. पाय दोन दगडांच्या फटीत अडकतो, मागून पाणी दाबतं आणि माणूस पुढे वाकून पाण्याखाली जातो, पट्टीचा पोहणाराही यात जातो. पाणी शांत झालं की मग पोटावर वळून जोर लावून काठाकडे पोहायचं.

हे सगळं पूलमध्ये लाइफ जॅकेट घालून, बूट घालून करून बघा. तापीत, गिरणेत नको, आणि पावसाळ्यात तर चुकूनही नको, हतनूरचे 41 दरवाजे आहेत, कधी किती उघडतील ते खाली उभ्या माणसाला समजत नाही.

पण पाणी वाचायला शिकायला मात्र आपल्या नद्या उत्तम आहेत, पुलावरून. पावसाळ्यात तापीच्या किंवा गिरणेच्या पुलावर कठड्याच्या आत सुरक्षित उभं राहा आणि एकच खांब अर्धा तास बघा. वरच्या बाजूने पाणी खांबावर आपटून उशीसारखं फुगतं. खांबाच्या मागे पाणी शांत दिसतं, नीट बघितलं तर ते उलट्या दिशेने, खांबाकडे परत येत असतं, वाहून आलेला पाला, बाटल्या, थर्माकोल तिथेच गोल गोल फिरत राहतो. ही एडी. नदीत थांबायची, श्वास घ्यायची, मागच्या बोटीची वाट बघायची जागा हीच. शांत पाणी आणि धावतं पाणी जिथे भेटतं तिथे एक रेघ दिसते, ती रेघ ओलांडताना बोट हिसका देते, नवखे बहुतेक तिथेच पडतात. मग दगडांकडे बघा. पाण्यावर व्ही आकार दिसतो, त्याचं टोक वरच्या अंगाला म्हणजे पाणी येतं तिकडे असेल तर टोकाशी दगड लपलाय, आणि टोक खालच्या अंगाला असेल तर ती दोन दगडांमधली मोकळी वाट. गाइड याच वाटेवर बोट नेतो. एक पावसाळा असा बघितला की बोटीत बसल्यावर गाइड का ओरडतोय ते समजायला लागतं.

प्रत्यक्ष राफ्टमध्ये बसायला आधी कोलाडला कुंडलिकेवर जा, सकाळी वीजप्रकल्पातून पाणी सोडतात त्याच्यावर राफ्टिंग चालतं, क्लास 2-3. जमलं तर त्यानंतर हृषीकेशला गंगेवर, तिथे मरीन ड्राइव्ह किंवा शिवपुरीपासून खाली येताना गोल्फ कोर्स, रोलर कोस्टर अशा मोठ्या लाटा मिळतात, जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ते बंद असतं म्हणून मार्च-एप्रिलमध्ये उरका. या दोन्हीतून गेल्यावर ग्रुपमधला कोण कोण खरंच झांस्करला येण्याजोगा आहे ते आपोआप समजतं, कुणाला नाही म्हणायची वेळ आली तर ती इथे येऊ द्या, पदुमला नको.

बोटीत बसायची सवय म्हणजे मुख्यतः पायाची सवय. बोटीच्या कडेच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसायचं, पुढचा पाय समोरच्या आडव्या ट्यूबखाली घट्ट खुपसायचा, मागचा पाय मागच्या ट्यूबखाली. दोरीला धरून राहिलात तर पॅडल कोण मारणार? वरचा हात पॅडलच्या टोकाच्या मुठीवरून कधीच सोडायचा नाही, सुटली की ती मूठ शेजारच्याच्या तोंडावर बसते, राफ्टिंगमध्ये दात पडतात ते दगडापेक्षा या मुठीने जास्त. आणि बोट दगडाला आडवी लागली की गाइड "हाय साइड" ओरडतो, तेव्हा सगळ्यांनी दगडाच्या बाजूला झेप घ्यायची. मन उलट सांगतं, दगडापासून लांब पळावंसं वाटतं, आणि लांब गेलात तर पाणी दुसऱ्या बाजूने बोटीत चढतं आणि बोट उलटते.

ऑपरेटरला काय विचारायचं

भाव सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा: किती बोटी असतील, दोनपेक्षा कमी असतील तर नको, एकट्या बोटीला मदत करायला कोणी नसतं. सेफ्टी कयाक, म्हणजे पडलेल्याला वाचवायला धावणारी एका माणसाची छोटी बोट, सोबत आहे का. गाइड या नदीवर किती सीझन उतरलाय, स्विफ्ट वॉटर रेस्क्यूचं (वाहत्या पाण्यातून माणूस काढायचं) ट्रेनिंग आणि फर्स्ट एड झालंय का. ऑक्सिजन सिलिंडर आणि पल्स ऑक्सिमीटर सोबत असतो का. वेटसूट (थंड पाण्यात ऊब धरणारा अंगाला चिकट सूट), हेल्मेट, उडणारं पाणी अडवणारं स्प्लॅश जॅकेट मापाचे मिळतील का, लाइफ जॅकेटची साइज प्रत्येकाची आधी घेणार का. पाणी फार वाढलं तर काय करणार? "आम्ही कधीच रद्द करत नाही" असं अभिमानाने सांगणारा असेल तर फोन ठेवून द्या. चांगला ऑपरेटर तुमचाच इंटरव्ह्यू घेतो, वय, बीपी, दमा, आधी कुठे राफ्टिंग केलं, हे सगळं विचारतो.

इन्शुरन्स घेताना पॉलिसीत राफ्टिंग आणि एवढी उंची दोन्ही कव्हर आहे का ते वाचा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बरेचदा ॲडव्हेंचर वगळलेलं असतं.

जायचं कसं आणि दिवस किती

जळगाव आणि भुसावळहून दिल्लीला थेट गाड्या आहेत, पंजाब मेल, कर्नाटक एक्सप्रेस. दिल्लीहून लेहचं विमान, बहुतेक सकाळीच असतात कारण दुपारनंतर वारा सुटतो. वाऱ्यामुळे, ढगांमुळे विमान रद्द होतं, म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशीच दिल्लीहून परतीची गाडी काढू नका, मध्ये एक पूर्ण दिवस सोडा.

लेह 3,500 मीटर आहे आणि आपण जळगावहून, म्हणजे 200-सव्वादोनशे मीटरवरून थेट तिथे उतरतो. पहिले दोन दिवस काही म्हणजे काही करायचं नाही, झोपा, पाणी प्या, बाजारात हळू चाला, दारू नको. डोकं दुखणं, मळमळ, भूक नसणं हे बऱ्याच जणांना होतं, वाढत गेलं तर सरळ सांगायचं, लपवायचं नाही. बसल्या जागी दम लागत असेल, चालताना तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल तर वाट बघायची नाही, ऑक्सिजन, दवाखाना आणि खाली उतरणं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही ते इथूनच आपल्या डॉक्टरला विचारून जा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सिंधूवर फे ते निम्मू हा सोपा टप्पा करून घ्या, त्या थंड पाण्याची ओळख होते. मग गाडीने पदुमकडे, मग पाच-सहा दिवस नदी, वाटेत चिलिंग लागतं, तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांचं गाव, तिथून शेवटचा टप्पा निम्मूपर्यंत. घरातून निघून घरी येईपर्यंत पंधरा-सोळा दिवस धरा. दहा दिवसात बसवतो म्हणणारे विश्रांतीचे दिवस कापतात, म्हणजे नेमके जे कापायचे नाहीत ते. एवढी रजा मिळतच नसेल तर यंदा चिलिंग ते निम्मू एका दिवसाचं करा, तेही सुंदर आहे, पूर्ण घळ पुढच्या वर्षी.

अंगावर काय, बॅगेत काय

आपल्या लोकांना वाटतं मे महिन्यात 45 डिग्रीत फिरतो, ऊन आपल्याला काय करणार. तिथलं ऊन अंगाला गरम लागत नाही आणि तरी चामडी सोलून काढतं, हवा पातळ आहे. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, सनस्क्रीन, ओठांना बाम, दोरी लावलेला गॉगल. सावलीत गेलं की लगेच थंडी. नदीवर सुती कपडे आणि जीन्स अजिबात नको, ओले झाले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. पॉलिस्टर किंवा लोकर. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट, स्लिपर पहिल्याच रॅपिडला जाते. मुक्कामासाठी एक कोरड्या कपड्यांचा जोड वेगळ्या ड्राय बॅगमध्ये (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत), आणि तो जोड काही झालं तरी बोटीवर घालायचा नाही. दुपारनंतर घळीत समोरून वारा येतो, वाळू उडते, डोळ्यात, जेवणात, झिपमध्ये, त्यामुळे गळ्यात रुमाल ठेवाच.

बायकांसाठी: पाळीचं सामान अंदाजापेक्षा जास्त घ्या, वापरलेलं परत आणायला काळ्या झिप पिशव्या घ्या, आणि तंबूपासून आडोसा कुठे हे गाइडला पहिल्याच दिवशी विचारा, लाजायचं काही नाही, रोजचा प्रश्न आहे.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि घळीत तसंही रेंज नाही. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परवान्याशिवाय भारतात बाळगणं बेकायदेशीर आहे, परदेशातल्या भावाने पाठवला म्हणून नेऊ नका.

पाणी, जेवण, संडास

झांस्करचं पाणी सीझनमध्ये दगडाच्या पिठासारखं राखाडी असतं. फिल्टर लगेच तुंबतो. आपल्या आजीचा उपाय तिथे बरोबर चालतो: तुरटी. बादली भरायची, तुरटीचा खडा पाण्यात सात-आठ वेळा गोल फिरवायचा आणि बादली न हलवता ठेवायची. आधी बारीक ठिपके दिसतात, मग त्यांचे गोळे होतात, मग गाळ तळाला बसतो आणि वर पाणी निवळतं, रात्रभर ठेवलं तर उत्तम. वरचं पाणी अलगद काढायचं. पण तुरटीने जंतू मरत नाहीत, त्यानंतर उकळायचंच, आणि या उंचीवर पाणी 88 डिग्रीच्या आसपासच उकळतं म्हणून उकळी आल्यावर तीन मिनिटं ठेवायचं. बाजूचा स्वच्छ झरा मिळाला तर तो आधी, तरी उकळून.

याच कारणाने डाळ कुकरशिवाय शिजत नाही. स्वयंपाक बहुतेक ऑपरेटरचे लोक करतात, पण तिसऱ्या दिवशी नूडल्स आणि बटाट्याचा कंटाळा येतो तेव्हा आपला डबा कामाला येतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाची कोरडी चटणी, केळीचे वेफर्स, भाजून खायला बिबडे. ठेचा नेला तर तेलात परतलेला न्या आणि डबा दोन पिशव्यांत बांधा. उंचीवर तिखट पोटाला झेपेलच असं नाही, पहिले दोन दिवस बेतानेच.

संडासाबद्दल लोक बोलत नाहीत पण वाळवंटात हा मोठा विषय आहे. कोरड्या थंड हवेत घाण कुजत नाही, वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि मुक्कामाच्या वाळूच्या जागा मोजक्याच, प्रत्येक ग्रुप तिथेच उतरतो. ऑपरेटर टॉयलेटचा तंबू लावतो का, घाण सोबत परत नेतो का, हे विचारा. निदान टिश्यू आणि सगळा प्लास्टिकचा कचरा परत आणायचाच.

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत त्यांनी कोलोरॅडो नदीची ग्रँड कॅन्यनही डोक्यात ठेवायला हरकत नाही, 1869 मध्ये जॉन वेस्ली पॉवेल हा एका हाताचा माणूस लाकडी बोटी घेऊन तिच्यातून गेला होता. तिथे स्वतःची ट्रिप न्यायची तर नॅशनल पार्क सर्व्हिसच्या लॉटरीत परमिट लागावं लागतं, लीज फेरीपासून उतरायचं, आणि संडासाचा डबा बोटीवरून बाहेर आणणं सक्तीचं आहे. पाणी वर ग्लेन कॅन्यन धरणातून सोडतात, तळाचं असल्याने तेही थंडगार. नवख्याने तिथे कमर्शियल ट्रिपच घ्यावी, तिला लॉटरी लागत नाही पण बुकिंग खूप आधी करावं लागतं.

निघायच्या आदल्या दिवशी

एका कागदावर सगळं लिहून घरी द्या, मोबाइलमध्ये नको, कागदावर: कोण कोण सोबत, ऑपरेटरच्या लेह ऑफिसचा नंबर, पॉलिसी नंबर, प्रत्येकाचा रक्तगट आणि चालू गोळ्या, नदीत उतरायची तारीख, निम्मूला बाहेर पडायची तारीख. आई-वडिलांना, बायकोला हे नीट समजावून सांगा की मधले पाच-सहा दिवस फोन लागणार नाही आणि त्यात काळजीचं काही नाही, बाहेर पडायच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तरच ऑफिसला फोन करायचा. आणि हा कागद फ्रिजवर चिकटवा, कपाटात ठेवला तर ऐन वेळी सापडत नाही.